कवळीवालीचं घर

सासरे गेले तेव्हा तिच्या हातात तिसऱ्याच कुणाचे तरी दात होते.

वरच्या जबड्याची पूर्ण कवळी होती, शेवटचं पॉलिश चाललं होतं. सासरे जेवून नेहमीसारखे तिच्या टेबलाशेजारी येऊन बसले. "सूनबाई, कडा बघ जरा. म्हातारीला टोचेल," एवढं म्हणाले आणि मग काहीच म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने तिने पॉलिशची मोटार बंद करून वळून पाहिलं, तर मान एका बाजूला कललेली. तिने नाकाशी हात धरला, मनगट चाचपलं, पुन्हा नाकाशी हात धरला. मग डॉक्टरांना फोन केला, नणंदेला फोन केला, आणि डॉक्टर येईपर्यंत त्या कवळीच्या कडा गोल करून घेतल्या. ज्या आजीबाईंची ती होती त्या संध्याकाळी न्यायला येणार होत्या. दार बंद दिसलं असतं तर बिचाऱ्या पातळ पेजेवरच राहिल्या असत्या.

पुढे कधीतरी बोलण्याच्या ओघात तिने हे नणंदेला सांगितलं. नणंद बघतच राहिली.

"वहिनी, तुझ्या छातीत आहे तरी काय गं? प्लास्टर?"

"असेल," ती म्हणाली. टोमणा म्हणून नाही. खरंच असेल, असं तिला वाटलं.

त्या गल्लीत तिला सगळे कवळीवाली म्हणत. त्याआधी सासऱ्यांना कवळीमास्तर म्हणत. घर त्यांनी स्वतःच्या कष्टाने बांधलेलं; पुढच्या खोलीत कारखाना, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, घासायची मोटार, मेण तापवायची छोटी शेगडी आणि भिंतीवरच्या फळ्यांवर रांगेने मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवीन माणूस आला की दचकायचा. सासरे म्हणायचे, "घाबरू नका, ही सगळी ओळखीचीच मंडळी आहेत. फक्त बाकीचं अंग घरी ठेवून आलेत."

ती या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला कवळी म्हणजे काय एवढंच माहीत होतं, कशी करतात ते नव्हतं. नवरा कारखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचा. काम फिरतीचं. सुरुवातीला आठवड्याने घरी यायचा, मग महिन्याने, मग सणावारापुरता, मग तेवढंही नाही. लांबच्या एका गावात त्याने दुसरा संसार मांडला आहे, मुलगी झाली आहे, असं कानावर आलं. सासू तोवर गेलेली होती. सासरे स्वतः जाऊन बघून आले. आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "तो यायचा नाही, सूनबाई. तुला जायचं असेल तर मी अडवणार नाही. राहायचं असेल तर उद्यापासून सकाळी मेण तापवायला खाली येत जा."

ती माहेरी जायचं की नाही याचा विचार करणार होती. भावाकडे जागा नव्हती, पण विचारून बघता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली, झोप येईना, म्हणून ती खाली आली आणि शेगडी पेटवली. ठरवलं असं काही नाहीच. तीच शेगडी पेटवता पेटवता तिचे केस पिकले. घटस्फोट कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. नवरा हा शब्द तिच्या बोलण्यातून हळूहळू गळूनच गेला, जसा एखादा दात हलत हलत एके दिवशी न दुखता हातात येतो.

सासरे गेल्यावर महिनाभराने नवरा आणि नणंद, भाऊबहीण दोघं, घरी आले. नणंद आधीपासून येऊन-जाऊन होतीच. बडबडी, रडता रडता हसणारी, मनात काही न ठेवणारी बाई. तिच्यामागून नवरा आत आला. अंत्यसंस्काराच्या दिवशी गर्दीत त्याच्याशी बोलणं झालं नव्हतं. आज समोर बसला. गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की याचे मागचे दात सगळे गेलेत आणि पुढचे हलतायत.

"घर विकायचं म्हणतोय," तो म्हणाला. "आमच्या दोघांच्या नावावर लागेल. मग ताईचं ताईला, माझं मला."

"आणि वहिनी?" नणंद म्हणाली. लहान असताना हा तिला ताई म्हणायचा, वयाने मोठा असूनही, ते अजून सुटलं नव्हतं.

"तिचं बघू ना काहीतरी."

ती उठून चहा टाकायला आत गेली. नणंद मागोमाग आली. दाराआडून भावाकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, खरं सांगते. मी तुझ्या बाजूची आहे. पण सही मी माझ्या बाजूनेच करणार. माझ्या घरातही दोन लग्नाळू बसलेत. खोटं बोलून तुझ्या गळ्यात गळा घालणं मला जमायचं नाही."

"बरं," ती म्हणाली. "वन्सं, तुम्ही साखर कमी घेता ना?"

गल्लीतल्या लोकांनी मात्र तिला सल्ला द्यायचं काही बाकी ठेवलं नाही. शिंप्याची बायको म्हणाली, इतकी वर्षं एका घरात राहिलं की ते आपलंच होतं, कुणाचा बाप काढू शकत नाही. औषधाच्या दुकानवाल्याचं म्हणणं, नवरा इतकी वर्षं नांदवत नाही म्हणजे घटस्फोट आपोआप झालेला असतो. निवृत्त शिक्षक म्हणाले, मास्तर माझ्यासमोर म्हणाले होते की हे सगळं सुनेचंच आहे, मी कोर्टात येऊन सांगेन. ती प्रत्येकाला मान डोलावत होती. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी, ज्यांच्याकडून तिला निम्मं काम यायचं, आपल्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे तिला जवळजवळ ढकललंच.

वकीलबाईंचं ऑफिस एका बेकरीच्या वर होतं. जिन्यात पावाचा वास, खोलीत कागदांचा. बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, चष्मा डोक्यावर चढवलेला आणि तो शोधण्यात अर्धा वेळ जाणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एकेक घेऊ," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं राहिलात म्हणून घर तुमचं होत नाही. सासऱ्यांच्या मर्जीने, घरातली म्हणून राहिलात. आपलं माणूस म्हणून राहणं आणि बळकावून बसणं यात फरक आहे. घटस्फोट आपोआप कधीच होत नाही. शंभर वर्षं वेगळे राहिलात तरी तुम्ही नवराबायकोच. आणि सासरे तोंडाने काय म्हणाले त्याला काडीची किंमत नाही. मृत्युपत्र केलंय का त्यांनी?"

"नाही. करू करू म्हणायचे."

"सगळेच म्हणतात." वकीलबाईंनी सुस्कारा सोडला. "घर त्यांच्या स्वकष्टाचं. मृत्युपत्र नाही. मग ते त्यांच्या मुलांचं. निम्मं मुलाचं, निम्मं मुलीचं. सून वारसात बसत नाही. तुमचा नवरा नसता तर तुम्ही विधवा सून म्हणून बसला असतात. पण तो आहे."

"हो. आहे."

"त्यांचं आजारपण कुणी काढलं?"

"मीच."

"त्यांचा धंदा कुणी चालवला?"

"शेवटी मीच."

"आणि तुम्हाला राग नाही येत?"

तिने जरा विचार केला. टेबलावर पेपरवेट होता, काचेचा, आत बुडबुडे अडकलेले. "यायला हवा का?" तिने विचारलं. काही कायदेशीर अट असेल, अशा सुरात.

वकीलबाईंनी चष्मा डोक्यावरून काढून नाकावर ठेवला आणि तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या, "सक्ती नाही. पण एक आहे. बायको म्हणून त्या घरात राहायचा तुमचा हक्क आहे. निकाल लागेपर्यंत कुणी तुम्हाला बाहेर काढू शकत नाही, तसा हुकूम आपण घेऊ. पोटगीही मागता येईल. मालकी वेगळी आणि राहणं वेगळं, हे लक्षात ठेवा."

हुकूम मिळाला. ती राहिली. घर तिचं नव्हतं आणि ती त्यात होती. तशी ती आधीही होतीच, त्यामुळे फारसं वेगळं वाटलं नाही. सकाळी शेगडी, मग मेण, मग प्लास्टर. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर तिने ब्रशांचा डबा ठेवला, कारण तो ठेवायला जागा लागत होती.

कोर्टाने तिला आणि नवऱ्याला समेटासाठी बसवलं. एक लहानशी खोली, गोल टेबल, कोपऱ्यात मरगळलेलं रोपटं. समेट घडवणारे गृहस्थ मृदू बोलायचे, इतकं मृदू की पलीकडच्या खोलीतलं भांडण जास्त स्पष्ट ऐकू यायचं. नवऱ्याचं म्हणणं असं, की राजीखुशीने घटस्फोट घेऊ, तिने घर मोकळं करावं, कारखान्याचं सामान तिचं, आणि विक्रीतून तिला काहीएक रक्कम. पोटगीचा दावा मागे घ्यावा.

वकीलबाईंनी तिला बाहेर व्हरांड्यात आणलं. "सही करू नका. अजून ताणता येईल. घटस्फोट झाला की तुम्ही कुणी उरत नाही. आज निदान बायको आहात. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं, तर—"

"तसं कशाला होईल?"

"होईल असं नाही म्हणत मी. घाई करू नका म्हणते. आठवडाभर विचार करा."

तिने विचार करते म्हटलं. आत गेली. कागद समोर होता, पेन उघडं होतं, सगळे तिच्याकडे बघत होते. तिने सही केली. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. नंतर जिन्यात त्यांनी विचारलं, असं का केलंत, तर ती म्हणाली, "पेनची शाई वाळत होती." हे खोटंही नव्हतं.

पण कायद्याने लगेच काही होत नाही. पहिल्या सहीनंतर काही महिने थांबायचं, मग पुन्हा येऊन दोघांनी सांगायचं की मन बदललेलं नाही, तेव्हा घटस्फोट. त्या मधल्या काळातच नवऱ्याचा फोन आला. तिचा नंबर त्याने बहिणीकडून घेतला होता.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "कामाचंच आहे. माझे पुढचेही गेले. बाहेर करायची तर… आणि इथल्यांची मला सवय नाही. बाबांच्या हातची मापं बघितलीत ना मी लहानपणापासून."

"गुरुवारी या," ती म्हणाली. "सकाळी काही खाऊ नका, मळमळतं."

तो आला. तिने त्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं, गळ्याभोवती फडकं बांधलं. पूर्वी कधी तिने त्याच्या गळ्यात हात घातले असतील. आठवून बघितलं, तर आठवलं ते त्याच्या एका निळ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण. तिने गुलाबी पावडर पाण्यात कालवली, साच्यात भरली.

"तू कधी काही बोलली नाहीस," तो एकदम म्हणाला. "इतक्या वर्षांत एक शब्द नाही. भांडायला तरी यायचंस."

"तोंड उघडा."

"मी म्हणतोय—"

"मोठं उघडा. आणि आता नाकाने श्वास घ्या. बोलायचं नाही, माप हलेल."

साचा वरच्या हिरडीवर दाबून ती उभी राहिली. लगदा घट्ट व्हायला थोडा वेळ लागतो. त्याचे डोळे तिच्याकडे होते आणि तोंड तिच्या ताब्यात. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आता बोलायचं असेल ते बोलता येईल, आणि हा मधे बोलू शकणार नाही.

"शेवटचं वर्षभर त्यांना रात्री धाप लागायची," ती म्हणाली. "मी खालीच झोपायचे. हाक मारताना कधी कधी तुमचं नाव घ्यायचे. मी ओ द्यायचे. त्यांना फरक कळायचा नाही, की कळायचा, माहीत नाही." ती थांबली. साच्याची कड बोटाने चाचपली. अजून मऊ होती. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्हाला कळवलं होतं. तुमचा निरोप आला की सुट्टी नाही. मी त्यांना सांगितलं की तुम्ही विचारत होतात. त्यांनी मान डोलावली. ते खोटं मी बोलले."

तो घशातून काहीतरी आवाज काढत होता.

"गिळू नका."

अजून वेळ होता. तिला वाटलं, आता स्वतःबद्दल काही सांगावं. इतक्या वर्षांचं असेलच साठलेलं. तिने आत हात घालून बघावं तसं बघितलं. रिकाम्या डब्याच्या तळाला हात लागावा तसं झालं. लगदा घट्ट झाला तसा तिने साचा सुटा केला, उजेडात धरून बघितला, आणि म्हणाली, "माप चांगलं आलंय."

त्याने तोंड पुसलं. बराच वेळ फडकं तोंडावर धरून बसला. मग उठला, कधी येऊ विचारलं, आणि गेला.

मेणाची कवळी लावून बघायला तो आला, मग खरी न्यायला आला, मग टोचते म्हणून घासून न्यायला आला. कामापुरतं बोलणं झालं. शेवटच्या खेपेला दारात थांबून म्हणाला, "पुढच्या महिन्यात तारीख आहे."

"हो. येते मी."

ती तारीख आली नाही. एका सकाळी नणंदेचा फोन आला. आधी नुसतं रडणं, मग तुटक शब्द. भाऊ कामावर निघाला होता, जिना उतरता उतरता पायरीवर बसला, दम खातो म्हणाला, आणि तिथेच गेला. "वहिनी, तू येणार आहेस का? की नको? तिथे ती असेल. लोक काय म्हणतील. तूच सांग."

"मी कोण म्हणून येऊ?"

"माझी वहिनी म्हणून ये," नणंद म्हणाली.

ती गेली. परक्या गावातलं परकं घर, दोन खोल्यांचं, जिन्यावर चपलांचा खच. पुढे एक लहानखुरी बाई भिंतीला टेकून बसलेली, तिचा हात हातात घेऊन बायका बसलेल्या. तिच्याशेजारी एक तरुण मुलगी, न रडता, येणाऱ्यांना पाणी विचारणारी. कवळीवाली मागे उभी राहिली. माणसं पुढे सरकत गेली तसा तिला त्याचा चेहरा दिसला. गाल भरलेले होते. ओठ नीट मिटले होते, ना ताणलेले ना आत ओढलेले. चांगली बसली होती. म्हणजे वापरत होता, काढून ठेवत नव्हता. तिचं लक्ष बराच वेळ तिथेच राहिलं.

शेजारच्या एका माणसाने दबक्या आवाजात विचारलं, "आपण कोण त्यांच्या?"

"त्यांची कवळी मी केली," ती म्हणाली.

माणसाने आदराने मान हलवली आणि तिला पुढे जायला वाट करून दिली. ती गेली नाही.

वकीलबाईंचा फोन दोनच दिवसांत आला. त्यांना आनंद झाला होता आणि त्याची लाजही वाटत होती. आवाज त्या दोन्हींच्या मधे लटकत होता. "या जरा. तुमची बाजू सगळीच पालटली."

ती गेली. बेकरीत खाली गर्दी होती. वकीलबाईंनी समजावलं. सासरे गेले त्या क्षणी घराचा निम्मा हिस्सा मुलाचा झाला होता. आता मुलगा गेला. घटस्फोट झालेला नाही, नुसता अर्ज होता, आणि अर्ज माणसाबरोबर संपला. म्हणजे ती त्याची पत्नी. विधवा. वारस.

"आणि त्या बाई?"

"त्यांचं लग्न कायद्याने लग्नच नव्हे. पहिली बायको हयात, घटस्फोट नाही. त्यांना काही नाही."

"इतकी वर्षं राहिल्या ना पण?"

"राहिल्या." वकीलबाई कागद सारखे करू लागल्या. "मुलीचं वेगळं. लग्न खोटं असलं तरी लेकरू खोटं नसतं, बापाच्या मालमत्तेत तिला हक्क आहे. त्याच्या निम्म्यात तुम्ही दोघी सारख्या वाटेकरी."

म्हणजे नवरा जिवंत होता तोवर ती त्या घरात कुणी नव्हती, आणि तो मेल्यावर मालकीण झाली होती. वकीलबाई तिच्याकडे आशेने बघत होत्या. तिला वाटलं, काहीतरी बोलायला हवं. "बरं झालं," असं तिच्या तोंडातून निघालं, आणि मग तिलाच ते विचित्र वाटलं.

नणंदेच्या यजमानांनी एक युक्ती सुचवली. ते तिच्याशी एरवी कधी फारसे बोलत नसत. त्या दिवशी स्टूल ओढून बसले. मुलगी मेहुण्याचीच कशावरून, असा मुद्दा कोर्टात काढायचा. सिद्ध करता करता त्यांना घाम फुटेल, कंटाळून सोडून देतील. "तुमचाच फायदा आहे, वहिनी. आम्हाला काय त्यात."

"मग तुम्ही कशाला त्रास घेता?" ती म्हणाली. ते उठून गेले. नणंद दारातून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

मायलेकी एके दुपारी कारखान्यात आल्या. आधी कळवलं नव्हतं. लहानखुरी बाई फळीवरचे जबडे बघून दारातच थबकली. मुलगी थबकली नाही. जवळ जाऊन एकेक बघत राहिली. तिचा खालचा एक दात आडवा होता, सासऱ्यांच्या जुन्या फोटोत दिसायचा तसा.

"मी भांडायला नाही आले," बाई म्हणाली. "मला काही नकोय. मला मिळत नाही हे सांगितलंय मला वकिलाने. पोरीचं तेवढं… तुम्ही आडव्या आलात तर आमच्यात कोर्ट लढायचं बळ नाही."

"बसा."

बसायला एकच खुर्ची होती. तिने ब्रशांचा डबा उचलून खाली ठेवला. बाई बसली. मग तिला एकदम रडू फुटलं. "तुम्ही आहात हे मला माहीत होतं. पहिल्यापासून नाही, नंतर. मी त्यांना म्हणायचे, एकदा सोडवून टाका. ते म्हणायचे, ती काही मागत नाही, कशाला डिवचा. तुम्ही काही मागितलं असतं तर…" तिने तोंड पुसलं. "तुम्हाला माझा राग येत असेल."

कवळीवाली तिच्यासमोर उभी होती. हात प्लास्टरने पांढरे. राग कुठे असतो ते तिने पुन्हा एकदा शोधून बघितलं. "कळत नाही," ती म्हणाली. "आला तर सांगेन."

मुलगी वळली. क्षणभर तिला हे बोलणं थट्टेचं की खरं ते कळेना. मग तिच्या ओठाच्या कोपऱ्यात बारीक हसू आलं आणि गेलं.

वारसांची नोंद करायला सगळे एका सरकारी कचेरीत जमले. लांब बाक, वर आवाज करणारा पंखा. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "मयताची पत्नी कोण?"

बाकावरच्या दोघींनी एकदम मान वर केली. मग लहानखुऱ्या बाईने खाली घातली. कवळीवाली उठून पुढे गेली. अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, ही मुलगी मयताचीच, यावर आपली काही हरकत? ती म्हणाली, "नाही. ती त्यांचीच आहे." मागे नणंदेच्या यजमानांनी घसा खाकरला. वाक्य टाईप झालं, तिने खाली सही केली.

परत येऊन बसताना तिचा पाय बाकाला अडखळला. लहानखुऱ्या बाईने तिचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तिने सोडवूनही घेतला नाही.

घर विकलंच. नणंदेला हिस्सा रोख हवा होता, मुलीला शिकायचं होतं, आणि एकटीने सगळं विकत घ्यायचं बळ कवळीवालीत नव्हतं. वकीलबाई म्हणाल्या, अजून लढता येईल, राहण्याच्या हक्कावर अडवून धरता येईल. तिने नको म्हटलं. घर सोडायच्या दिवशी हमालांनी लांब टेबल दारातून तिरकं काढताना चौकटीला ठोकलं, लाकडाचा मोठा टवका उडाला, आणि ती एवढ्या जोरात ओरडली की गल्लीतली माणसं बाहेर आली. काय ओरडली ते तिलाही आठवत नाही. हमाल खाली बघत उभे राहिले. नणंद धावत आली. ती भिंतीला हात टेकून उभी होती, धाप लागलेली. थोड्या वेळाने ती हमालांना म्हणाली, "चुकलं माझं. उचला." मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं.

तिने दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या घेतल्या. एकीत टेबल, एकीत पलंग. काम बरं चाललं. प्लास्टरचे जुने जबडे तिने बरेचसे टाकून दिले. ज्यांची माणसं हयात होती तेवढे ठेवले.

सगळं आटोपल्यावर वकीलबाईंनी तिला एकदा बोलावून घेतलं, फाईल परत द्यायला. पाव मागवले, चहा मागवला. म्हणाल्या, "आता एक शेवटचं. मृत्युपत्र करून टाका. फुकट करून देते. तुमच्यासारख्यांनी तर केलंच पाहिजे."

"माझ्यासारख्या म्हणजे?"

"मूल नाही, नवरा नाही. आणि हे जे तुम्हाला आलंय ते नवऱ्याकडून आलंय. तुम्ही काही लिहून ठेवलं नाहीत, तर कायदा ते तुमच्या भावाला नाही देणार. ते उलटं नवऱ्याच्या वारसांकडे जाईल." त्या थांबल्या, चष्मा शोधला. "म्हणजे त्या मुलीकडे. सगळंच्या सगळं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते."

तिने पावाचा तुकडा चहात बुडवला. तो जरा जास्तच भिजला, तरी तुटून पडायच्या आत तिने तोंडात घातला.

"काही लिहिलं नाही तरच ना?"

"हो."

"मग राहू दे," ती म्हणाली.

वकीलबाईंनी फाईल तिच्याकडे सरकवली. चहा संपवून ती उठली. संध्याकाळी एका गृहस्थांचं माप घ्यायचं होतं, आणि वाटेत प्लास्टरची पिशवी घ्यायची होती.